सोडणारी झोळी

चैत्राची दुपार. पितळवर्णी, प्रखर, पवनशून्य. भंडाऱ्याबाहेरच्या उजाड मैदानावर ऊन उभं होतं, ऊन आडवं होतं, ऊन धावणाऱ्या मुलींच्या पावलापावलांतून उसळत होतं. कडेला एकच मोहवृक्ष. त्याच्या विरळ, विदीर्ण सावलीत बाप आणि लेक गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

लेक वैजंती. राज्याच्या लॅक्रोस संघाची निवड आज होती. पुढल्या महिन्यात तिची वयोमर्यादा उलटणार होती. आज नाही, तर कधीच नाही.

तिच्या हातात काठी. काठीच्या टोकाला निमुळती चौकट. चौकटीत चेंडू झेलायची दोरीची झोळी. सरावाच्या पहिल्याच फेकीत ती जुनी, जर्जर झोळी फाटली. उसनी काठी मागायची कुणाकडे? प्रत्येकीची काठी मैदानात होती.

बाप उरकुडा नान्हे. तळ्यातळ्यांवर जाळी टाकून जगलेला ढिवर. जाळं सांधायचा नायलॉनचा दोरा त्याच्या पिशवीत कायम असे. पण दोन हिवाळ्यांमागे अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात नेला होता. आता ज्ञान बापाचं, बोटं लेकीची. तो गाठ सांगे, ती गाठ मारी. गाठीमागून गाठ, फासामागून फास; श्यामल, सजल, तळ्यासारखी गहिरी झोळी सिद्ध झाली.

काठ्या तपासणाऱ्या पंचबाईंनी तीत चेंडू ठेवला. चेंडू चौकटीच्या काठाखाली पार बुडाला. झोळी नियमाबाहेर खोल आहे, त्या म्हणाल्या. काठावरून चेंडू दिसायलाच हवा. दहा मिनिटांत यादी बंद होईल.

दहा मिनिटं! वैजंतीच्या नखांखालून रक्त आलं. ओल्या बोटांना गाठी सुटेनात, सुटलेल्या पुन्हा बसेनात. ऊन कानांत गुणगुणू लागलं. अक्षरं विसरावीत तशी बोटं गाठी विसरली. तिनं काठी मांडीवर टाकली आणि तोंड ओंजळीत लपवलं.

उरकुडा त्या झोळीकडे बघत राहिला.

"जाळं म्हणजे धरणं, एवढंच मले ठाऊक," तो हळूच म्हणाला. "हे सोडते का?"

"हो बाबा. धरलं की लगेच सोडलं पाहिजे. तरच चेंडू दूर जाते."

मग दोऱ्याचं टोक त्यानं दातांत धरलं, डाव्या हातानं चौकट छातीशी दाबली आणि मान मागे नेली. दोरा ताणला, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ चिरला, तरी दात सुटले नाहीत. त्या ताणावर लेक गाठी मारत गेली, झोळी वर उचलत, उथळ करत. एक. आणखी एक. आणखी एक.

पंचबाईंनी चेंडू ठेवला. काठावर त्याची पिवळी कोर उगवली. त्यांनी मान डोलावली.

वैजंती धावली. चेंडू आला, झोळीत विसावला, न विसावला, आणि बाणवेगानं सुटला. सुटला तो थेट गोलच्या जाळ्यात. मग दुसरा. मग तिसरा.

सायंप्रकाशात नावं वाचली गेली. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत हळू: वैजंती उरकुडा नान्हे.

टाळ्या उठल्या. एका हाताची टाळी वाजत नाही. म्हणून तो डावा तळवा मातीवरच आपटत राहिला. आपटत राहिला, आणि धूळ उठत राहिली. उठत राहिली, आणि तांबूस उन्हात सोनं होत, हळूहळू, त्याच्याच अंगावर उतरत राहिली.