मासळीच्या विळीवरची भाजी

मी एक जुनी विळी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मासळीची विळी आहे. नाक मुरडायचं त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मी शाळेत गेले नाही, पण कुणाच्या उपकारात राहिले नाही. रेवदंड्याच्या लोहारानं माझं पातं ठोकलं, सुताराकडून फणसाच्या लाकडाचा पाट आला, आणि सुलेखाबाईंच्या लग्नात मी सासरी आले. माझ्यासोबत आणखी एक विळी आली. तिच्या टोकाला खोबरं खवायची खोवणी आहे. ती भाजीची. एकाच लोहाराच्या आम्ही दोघी, पण घरात पाऊल ठेवताच वाटे पडले. ती ओट्याखालच्या कपाटात, मी मागच्या दारी. दसऱ्याला हळदकुंकू दोघींना लागायचं, पण आधी तिला.

याचं मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण बोलून दाखवायची सवय नाही.

सुलेखाबाईंचा मुलगा संजीव सिंगापूरला नोकरीला लागला. मग सुलेखाबाईही आल्या आणि जुन्या गोधडीत गुंडाळून आम्हा दोघींना घेऊन आल्या. सून सविता म्हणाली होती की इथं चांगल्या सुऱ्या मिळतात. सुलेखाबाई म्हणाल्या, मिळू देत, तुम्ही चिरा त्यांनी. सिंगापुरातल्या हौगांग भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मागचं दार कुठलं असणार! मला स्वैपाकघरामागच्या चिंचोळ्या सर्व्हिस यार्डात, वॉशिंग मशीनच्या कडेला जागा मिळाली. तिथूनच मी माझा संसार केला. सकाळी मार्केटमधून बांगडे यायचे, पापलेट यायचं, सुरमई यायची. सुरमईला इथं बटांग म्हणतात, पण माझ्या पात्याला ती सुरमईच. कल्ल्यामागं कुठं धरायचं, काटा कुठं जोडलाय, तुकडा कुठून सुटतो, हे सुलेखाबाईंच्या हाताला माहीत होतं आणि मला त्यांचा हात माहीत होता. जेवताना संजीव म्हणायचा की तुकडे कसे एकसारखे पडलेत. मी यार्डात ताठ बसून ते ऐकायचे.

संजीवची मुलगी अवनी. तिनं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा संजीव, जो रोज कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडच्या कारखान्यात जाऊन तेलाच्या मोठमोठ्या टाक्यांचे आकडे बघतो, तो आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. तिचा अभ्यास ऐकायला घरात आजी तेवढी मोकळी. मग आजी माझ्यावर बसून मासे कापायची आणि नात स्टुलावर बसून ग्रीस देशातल्या जुन्या विद्वानांचं सांगायची. मीही ऐकायचे. कान कुणाच्या मालकीचे नसतात.

ते विद्वान म्हणे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर तिचे दोन भाग करत. हवा तो भाग ठेवायचा, त्याचे पुन्हा दोन. असं करत करत नेमक्या गोष्टीपाशी पोचायचं. सरावासाठी त्यांनी गळ टाकून मासे धरणारा माणूस घेतला. कसब दोन प्रकारचं, नवं घडवायचं किंवा आहे ते मिळवायचं. मिळवायचं तेही दोन प्रकारे, देवाणघेवाणीनं किंवा पकडून. पकडायचं ते जमिनीवरचं किंवा पाण्यातलं. जाळ्यानं किंवा टोचून. शेवटी गळवाला हाती लागला.

"एवढं सगळं करून कोळीच निघाला ना?" सुलेखाबाई म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर वरसोलीच्या कोळीवाड्यातला पत्ता दिला असता."

अवनी हसून लोळली. मग म्हणाली, आजी, खरी गोष्ट पुढंच आहे. कापायचं ते जिथं सांधा असेल तिथं. अडाणी खाटकासारखं मध्येच हाड मोडायचं नाही. आणि सगळ्यात वाईट कापणं कुठलं, तर माणसांचे दोन भाग करायचे, एक आपण ग्रीक आणि दुसरे बाकीचे सगळे. त्या बाकीच्यांत शेकडो जातीची माणसं, एकमेकांची भाषासुद्धा न कळणारी, आणि त्यांना नाव मात्र एकच. असं तर करकोचाही करील. तो म्हणेल, जगात एक करकोचे आणि दुसरी सगळी जनावरं, मग त्यात माणूस आला, डुक्कर आलं, सगळंच आलं.

सुलेखाबाईंना तो करकोचा फार आवडला. दोन दिवस त्या सविताला ऐकवत होत्या. आपल्याला उद्देशून कुणी काही बोललंय असं त्यांना वाटलं नाही. मलाही नाही.

मग श्रावण आला. श्रावणात आमच्या घरी मासळी बंद, म्हणजे माझंही काम बंद. सुलेखाबाईंनी मला चिंच लावून घासलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. अशाच एका दुपारी अवनीची मैत्रीण आली, पेईशान. शेजारच्या ब्लॉकमधली चिनी मुलगी, शाळेपासूनची. तिची आजी, त्यांच्यात आमा म्हणतात, काही दिवसांपूर्वी गेली होती. अवनीनं घरी एवढंच सांगितलं होतं की पेईशानला आमासाठी भाजी करायची आहे, तिच्याकडे स्वैपाकघरात काकूचं राज्य असतं, म्हणून आपल्याकडे करील. सुलेखाबाई म्हणाल्या, करू दे की, गॅस काय झिजतोय. मनाच्या कोत्या नाहीत त्या, हे मी कुणाहीपुढं सांगीन.

पेईशाननं पिशवीतून भाजी काढली. कोबी, गाजर, मश्रूम, कसलीतरी लांब पानं. बीन कर्ड, म्हणजे सोयाबीनचं पनीर, राहिलं म्हणून अवनी ते आणायला खाली मिनीमार्टात गेली. पेईशान सुरी शोधू लागली, तेव्हा सुलेखाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. यू सिट, आय कट, एवढं इंग्रजी त्यांना येतं.

मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं. भाजीच्या विळीवर हात गेला, आणि थांबला. मी यार्डातून बघत होते. सुलेखाबाई पिशवीकडं बघत होत्या. ही भाजी त्या लोकांच्या फ्रिजमधली. तिथं शेजारी काय काय ठेवलेलं असेल! कपाट त्यांनी तसंच लावून घेतलं आणि यार्डात येऊन मला उचललं.

इथं मला थांबावंसं वाटतं, पण सांगते. मला आनंद झाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कोबी आला. पानं कशी सुटत होती, गाजराच्या चकत्या कशा खणखणीत पडत होत्या! मनात म्हटलं, बघ गं कपाटातल्या बाई, मलाही जमतं. का उचललंय मला, हे मला पुरतं कळलं होतं. तरी मी फुशारले.

अवनी आली. पेईशान कढईत भाजी परतू लागली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. सुलेखाबाईंना अर्धं कळेना, म्हणून अवनी मराठीत सांगत होती. आमा गेल्यापासून पेईशाननं व्रत धरलंय. सात आठवडे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आमाला पुढची वाट नीट मिळावी म्हणून. काकूनं एकदा कोंबडीचाच सुरा भाजीला लावला, तर हिनं ती भाजी टाकून दिली आणि घरात मोठं भांडण झालं. म्हणून अवनीनं तिला सांगितलं होतं की आमच्याकडे ये, श्रावणात आमचं घर अगदी चोख असतं. आज संध्याकाळी हे आमाच्या फोटोपुढं ठेवायचंय.

सुलेखाबाई पाट पुसत होत्या. त्यांचा हात माझ्यावरच राहिला.

पेईशाननं भाजी डब्यात भरली, दोन्ही हात जोडून वाकून थँक्यू आजी म्हणाली आणि अवनीसोबत बाहेर पडली. दार लागलं. सुलेखाबाई तशाच खाली बसलेल्या. माझ्या पात्याला कोबीचा एक तुकडा चिकटला होता, त्याच्याकडं बघत होत्या. पोर चोखपणा शोधत ह्या घरात आली. आणि आम्ही दोघींनी, एकीनं हातानं आणि एकीनं पात्यानं, तिच्या आमाच्या पानात काय वाढलं? कुणाला कळणार नव्हतं. मला तोंड नाही, त्यांना अभिमान. गप्प बसायला दोघींना पुरेसं होतं.

मग त्या उठल्या. चपलासुद्धा घातल्या नाहीत. मला पाटासकट काखेत मारलं आणि कॉरिडॉरमधून लिफ्टकडं निघाल्या. सत्तरीची बाई अनवाणी, हातात विळी. वाळत घातलेले कपडे काढणारा एक शेजारी दारात मागं सरकला.

पोरी लिफ्टची वाट बघत होत्या. अवनी म्हणाली, "आजी, हे काय? विळी का आणलीस?"

सुलेखाबाईंनी मला पुढं धरलं. पेईशानकडं बघतच बोलल्या, पण मराठीत. "ही मासळीची आहे. हिच्यावर मी तुझी भाजी चिरली. चांगली विळी होती घरात, ती तुझ्या भाजीला लावली नाही."

अवनीचा चेहरा उतरला. तिनं अडखळत सांगितलं. पेईशाननं हातातल्या डब्याकडं बघितलं. मग तिनं हळूच विचारलं की आजी, तुम्हाला माझं व्रत माहीत होतं का.

"तू काय खातेस ते मी विचारलंच नाही," सुलेखाबाई म्हणाल्या. "तू आमच्यातली नाहीस, एवढंच बघितलं."

आजी, हे मला तिला सांगायला लावू नकोस, असं काहीतरी अवनी पुटपुटली.

"सांग. त्यातलं काही गाळू नकोस."

अवनीनं सांगितलं. पेईशान रागावली नाही, रडली नाही. तिनं डबा सुलेखाबाईंच्या रिकाम्या हातात दिला. लिफ्ट आली, ती एकटीच आत गेली. नवी भाजी आणावी तर मार्केट केव्हाच बंद झालं होतं, आणि मिनीमार्टात ताजी भाजी मिळत नाही. त्या संध्याकाळी आमापुढं नुसती संत्री आणि चहा होता, हे अवनीकडून कळलं.

पुढचे कितीतरी दिवस अवनी आजीशी कामापुरतं बोलायची. स्वतःवरही चिडली होती, करकोच्याची गोष्ट सांगायला वेळ होता पण मैत्रिणीचं व्रत सांगायला नव्हता म्हणून. मग एका सकाळी सुलेखाबाई चांगलं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, चल तिच्याकडं. अवनीनं विचारलं, काय नेऊया? सुलेखाबाई म्हणाल्या, काही नको, विचारल्याशिवाय काय नेणार? ज्या बाईनं कुणाच्या दारात रिकाम्या हातानं कधी पाऊल ठेवलं नाही, ती तशीच गेली.

पेईशाननं लोखंडी जाळीचं दार लगेच उघडलं नाही म्हणे. जाळीतूनच सुलेखाबाईंनी विचारलं, काय चालतं तुला, काय नाही, सांग. ती सांगत गेली, ह्या ऐकत गेल्या. सांगता सांगता तिनं कडी काढली.

पेईशान पुन्हा आमच्याकडे आली तेव्हा सुलेखाबाईंनी कपाटातली विळी काढून तिच्याच पुढं ठेवली, आणि कसं बसायचं, पातं कसं सांभाळायचं ते शिकवलं. दोघी काकडी कोचत होत्या. मी यार्डात होते आणि कुणी मला उचललं नाही. तेच बरोबर होतं, मित्रांनो. मासळी आणि भाजी वेगळी ठेवावीच, तिथं सांधा आहे.

आता मार्केटातला माणूसच मासे कापून देतो. मी महिनोन्‌महिने पडून असते, पात्यावर गंज चढतो. सुलेखाबाईंना आठवलं की त्या तेवढं तेल लावतात. तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी विळी असेल तर तिला कोरडं पुसा, तेलाचं बोट लावा, एवढं मागते. आणि माझ्यावर काही ठेवण्याआधी ते कुणाच्या पानात जाणार आहे, ते त्यालाच विचारून या. मला कापता येतं. विचारता येत नाही.