गुलाबाला फुटलेला अंगठा

यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याची मला काळजी वाटेल. मागच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार माझा डावा अंगठा गुलाबाच्या झाडाचा होता.

मखमलाबादला निजामभाईंच्या नर्सरीत मी चाळीस वर्षं कलमं बांधतो. रानगुलाबाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे बारीक कोंब, आत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सोमवारी चाकू निसटला आणि अंगठा फाटला. रक्त थांबावं म्हणून मी अंगठ्यासकट खोडाला पट्टी गुंडाळली आणि बसल्या बसल्या झोपलो. उठून पट्टी सोडली, तर अंगठा निघेना. कलम धरलं होतं.

हसू नका. या झेबाबाई शाळेत विज्ञान शिकवतात. याच टपरीवर चहा पिताना त्या म्हणाल्या होत्या की गुलाब काय, माणूस काय, दह्यातला जिवाणू काय, सगळे पेशींचेच बनलेले, आणि पेशीतला मजकूर त्याच चार अक्षरांत लिहिलेला. मग झाडानं मला घरचा समजून घेतलं, तर नवल काय?

मंगळवारी कुंडीला पाणी घातलं की माझा घसा भिजायला लागला. बुधवारी नखाखाली हिरवं दिसलं. गुरुवारी मनगटाच्या शिरा हिरव्या. आमची मंडळी कलाबाई दर तासाला पेनानं खूण करायची, आणि हिरवं खुणेच्या पुढे गेलेलं असायचं. कोपर ओलांडलं की नवरा झाडात जमा, असं तिनं धरूनच टाकलं. निजामभाईंचं वेगळंच. या जातीच्या फुलाचा रंग अख्ख्या नाशकात एकच आहे, झाडाला धक्का लावायचा नाही म्हणे.

शुक्रवारी सकाळी हिरवं कोपराला टेकलं. छातीत एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघायची, अशी गत. कलाबाईनं छाटणीची कात्री आणली. खोडाला लावली, तर कळ माझ्या खांद्यात. अंगठ्याला लावली, तर फांदीतून रक्त.

“पटकन बोला,” ती म्हणाली, “तुमच्यातलं कुठलं कापू?”

मला तोंड उघडेना. जिभेवर साल धरायला लागली होती. कात्रीची पाती अंगठ्यावर मिटत आली...

“थांबा देवरामकाका,” चहाचा कप बाकावर ठेवत झेबाबाई मध्येच म्हणाल्या. “अक्षरं तीच असली तरी प्रत्येकाचा मजकूर वेगळा, हेही मी सांगितलं होतं. ते राहू द्या. शुक्रवारी सकाळीच तुम्ही माझ्या स्कूटीवर मोगऱ्याची कुंडी सुतळीनं बांधून दिलीत. गाठ काय एका हातानं मारलीत? चक्क थापा मारताय.”