तळ्यावर चढलेलं पाणी

स्की-बचाव पथकाची नवी प्रमुख म्हणून संघटनेचा अध्यक्ष हाल्वोर याने सिग्रूनचं नाव घेतलं, तेव्हा गुन्वोरच्या तोंडातली कॉफी कडू झाली.

एकोणीस हिवाळे तिने या डोंगरावरच्या स्कीवाटांवर गस्त घातली होती. पाय मोडलेली माणसं ओढगाडीवर घालून खाली आणली होती. आणि मान कुणाला, तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या या पोरीला! ती हसली की सगळं पथक खूश. कुणी तिच्यासाठी वाफल राखून ठेवायचं, कुणी तिच्या स्कीला मेण लावून द्यायचं.

"वाईट नाही ना वाटलं?" हाल्वोरने हळूच विचारलं.

"मला कशाला वाटेल? नाचू दे की तरुण रक्ताला!"

ईस्टरच्या शनिवारी सकाळी गुन्वोर तळं ओलांडत होती. वळणावर तिची काठी भसकन आत गेली आणि ओली होऊन वर आली. तळ्याच्या गोठलेल्या थरावर पाणी चढलं होतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाने ते झाकलं होतं. ताबडतोब कळवायचं, काठ्या आडव्या लावून वाट बंद करायची, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने वॉकीटॉकीच्या बटणावर बोट ठेवलं, तोच सिग्रूनचा आवाज आला, "तळ्याची वाट उघडतेय. कुणाला काही अडचण?"

प्रमुखीणबाईंचा तो ठसका! गुन्वोरने बोट काढून घेतलं. बूट भिजतील, फजिती होईल, आणखी काय?

तासाभराने तोच आवाज धापा टाकत आला. "एक आजोबा पाण्यात अडकलेत. मी उतरतेय. लवकर या कुणीतरी!"

गुन्वोर सर्वांत जवळ होती. ती जिवाच्या आकांताने धावली. आजोबा ओढगाडीवर सिग्रूनच्या कोरड्या जाकिटात बसले होते. सिग्रून मात्र गुडघ्यापर्यंत भिजून वाऱ्यात कुडकुडत होती. गुन्वोरने तिचे बूट काढले आणि ते पांढरेफटक पाय स्वतःच्या उघड्या पोटाला लावले.

"अगं, शेगडी आहेस की काय तू!" सिग्रून हसली. मग थांबली. "तू सकाळी इथूनच आलीस ना? तेव्हा कोरडं होतं?"

"नाही. पाणी होतं. मला दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी फजिती व्हावी म्हणून."

सिग्रूनने पाय ओढून घेतले.

अपघातानंतर सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं, हा पथकाचा नियम. संध्याकाळी गुन्वोरने आपणहून सगळं सांगितलं. "उद्यापासून येऊ नकोस," हाल्वोर म्हणाला.

"येऊ दे तिला," पायांना पट्ट्या बांधलेली सिग्रून म्हणाली. "तळं तिच्याइतकं कुणाला कळत नाही. पण एकटीने नाही, माझ्याबरोबर फिरेल."

सगळे कौतुकाने सिग्रूनकडे बघत होते. गुन्वोर शरमेने खाली बघत होती, तरी मनात जळतच होती. माफ करणंसुद्धा हिला किती झोकात जमतं!

आठवड्याने दोघी निघाल्या. शंका आली की गुन्वोर मोठ्याने सांगायची आणि सिग्रून मुकाट्याने काठ्या रोवायची. कामापुरतं बोलायची, बस्स. वाटेवरच्या झोपडीपाशी पथकातले बाकीचे भेटले, तशी सिग्रून त्यांच्यात खिदळायला लागली. गुन्वोर लांब उभी राहून संत्रं सोलत होती. आता तिला त्या बाकीच्यांचा हेवा वाटत होता.