माझ्या छातीतली झडप

मित्रांनो, मी एक जुनी मेंढी आहे. मेंढी म्हातारी होते, जुनी कशी होईल, असं तुम्ही म्हणाल. पण विद्यापीठाने मला केंद्र सरकारच्या पैशातून विकत घेतलं, त्यामुळे सरकारदरबारी मी टेबल-खुर्च्यांसारखी सामानात मोडते. सामान जुनंच होतं.

मी कोवळी असतानाच मला आईपासून तोडून इथे आणलं आणि माझी छाती फाडली. हृदयातली एक झडप काढून तिथे प्रयोगशाळेत तयार केलेली नवी झडप शिवली. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याबरोबर आणलेली बाकीची कोकरं त्यातच गेली. मला फार दुखलं, फार भीती वाटली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, ही नुसती कौतुकंच सांगतेय.

ही झडप बनवणाऱ्या प्राध्यापकबाई मोठ्या जिद्दीच्या. त्यांनी ती जिवंत पेशींपासून घडवली होती. मी वाढले तशी तीही माझ्याबरोबर वाढली. बाई माझ्या छातीवर यंत्र फिरवून तिची उघडझाप पडद्यावर बघायच्या आणि "शहाणी गं माझी ती!" म्हणून माझी पाठ थोपटायच्या. पाहुणे आले की आधी माझ्याकडे आणत. माझा चारापाणी बघणारे काका तर मला सूनबाई म्हणायचे, कारण मी चाऱ्यातलं निवडून खाते आणि उरलेल्याला नाक मुरडते.

पण पडद्यावर सगळं दिसत नाही. झडप कडक होत चाललीय का, मांसात नीट रुजलीय का, हे मी मेल्यावर छाती उघडूनच कळणार होतं. ते बघितल्याशिवाय कोणत्याही मुलाला तशी झडप बसवायची नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तेव्हा मी म्हातारी होऊन सुखाने मरेन, याची सगळे मोठ्या प्रेमाने वाट बघत होते.

त्यात एक मुलगीही होती. शेजारच्या इस्पितळात तपासणी झाली की वडिलांचा हात ओढत ती माझ्या कुंपणाशी यायची. तिच्या हृदयात बसवलेली झडप वाढत नाही. त्यामुळे ती स्वतः वाढली की छाती पुन्हा उघडून मोठी झडप घालावी लागते. पोरांची उंची वाढली की घरचे खूश होतात. हिच्या घरी मात्र तोंडचं पाणी पळायचं.

मग सरकार बदललं आणि नव्या सरकारला आमची दया आली. जनावरांना इजा होते अशा संशोधनाला यापुढे केंद्राचा पैसा मिळणार नाही, असं मंत्र्यांनी जाहीर केलं. एका गुबगुबीत कोकराला कडेवर घेऊन त्यांनी फोटोही काढला. पैसा कधी थांबणार ते धोरणात होतं. त्यानंतर आम्ही काय खायचं, ते नव्हतं.

विद्यापीठाने हात वर केले. शेजारच्या खोल्यांतली विद्वान मंडळी बाईंना लांबून बघून एकामागे एक दुसऱ्या जिन्याने जाऊ लागली. लोक आम्हा मेंढरांना उगाच नावं ठेवतात.

पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांपुढे काका उभे राहिले.

"साहेब, मी नेतो हिला घरी. अंगण आहे माझ्याकडे."

"सरकारी मालमत्ता आहे ती. अशी कुणाला देता येत नाही."

"आणि मारता येते?"

"निकाली काढता येते," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. बोलता बोलता त्याने माझ्या कपाळावर हातही फिरवला.

बाईंनी वेगळंच मागितलं. "ठीक आहे. पण नंतर मला हिची छाती उघडू द्या. ती झडप तेवढी बघू द्या."

"प्रकल्प बंद झालाय, बाई. बंद प्रकल्पावर काम केलंत तर अख्ख्या विद्यापीठाचा निधी अडकेल. हिला थेट भट्टीत पाठवायचं."

"दयेचं धोरण आहे ना हे? मग त्या मुलीनं काय करायचं?"

"मुलं आमच्या खात्यात येत नाहीत."

बाईंनी साहेबांच्या कागदावर सही केली. मला त्यांचा राग आला, अजूनही आहे.

परवा ती मुलगी येऊन गेली. चांगलीच उंच झाली आहे. कुंपणातून हात घालून तिने माझा कान ओढला.

"काका, हिची बघून झाली की पहिला नंबर माझा ना?"

"तुझाच गं," काका म्हणाले, आणि धुतलेली बादली पुन्हा धुवायला घेऊन गेले. तिच्या वडिलांनी त्यांचे आभार मानले.

आज सकाळी जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन घेऊन आले आहेत. अजिबात दुखणार नाही, असं ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगताहेत. काकांनी माझी मान धरली आहे. बाई दारात उभ्या आहेत, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्हाला जपा, आमची निगा राखा अशी विनंती करायची असते. मी ती करत नाही. मला मारा. लहानपणी छाती फाडायला नेत होते तेव्हा मी चारही पाय झाडले होते. आज पाय झाडणार नाही. फक्त नंतर मला एकदा उघडा आणि आत काय आहे ते कुणीतरी बघा. भट्टी तापायला अजून थोडा वेळ आहे.