हिरडीला मोकळीक

वाकोल्याच्या प्रेमा परबला कामगार नाट्यस्पर्धेत पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली आणि नेमका तेव्हाच तिच्या हिरडीने डाव साधला. समोरचा दात गेला तेव्हा शेजारच्या दातांना धरून तिथे खोट्या दाताचा ब्रिज बसवला होता. त्याच्याखालची हिरडी आता लालभडक सुजली होती. ब्रश लागला की रक्त, तोंडाला वास. तालमीत कुणी जवळ आलं की प्रेमा मान वळवून बोलायची.

दिग्दर्शक गुणाजी वैतागला. "अगं, समोर बघून बोल ना! विंगेत कोण बसलंय?"

नवरा लवू म्हणाला, "काढून टाक तो ब्रिज. कवळी लाव."

प्रेमाने ऐकलं नाही. ती घाटकोपरला डॉ. जया खंडागळेंच्या नव्या दवाखान्यात गेली. जयाने ब्रिज कापून काढला आणि उलटा धरला.

"बघा, मधला खोटा दात हिरडीवर खोगिरासारखा पसरलाय. खालून साफ करायला दोरासुद्धा जात नाही. अन्न अडकून कुजतं. हिरडी सुजणारच!"

"म्हणजे माझी हिरडीच खराब, असं नाही?"

"मुळीच नाही. तिला नुसतं दाबून टाकलंय."

जयाने तात्पुरता प्लास्टिकचा ब्रिज लावला. त्यातला खोटा दात ओठाच्या बाजूने हिरडीला जेमतेम टेकलेला, आतून मोकळा, बुडाशी गुळगुळीत. प्रेमा रोज त्याच्याखालून दोरा फिरवू लागली. सुरुवातीला दोरा लाल निघायचा. ती घाबरायची, पण थांबली नाही. एका सकाळी तो स्वच्छ निघाला.

"अहो, इकडे या! बघा तरी!" तिने लवूला आरशापाशी ओढलं. हिरडी फिकट गुलाबी झाली होती.

मग पोर्सेलिनचा कायमचा ब्रिज आला, तर 'स' म्हणताना आतल्या फटीतून हवा सुटायची. जयाने तो साकीनाक्याच्या लॅबमधून दुरुस्त करून आणला. पुन्हा हवा सुटली, पुन्हा परत पाठवला. अखेर नेमका बसला.

"बोला आता काहीतरी."

प्रेमा खुर्चीतच ताठ झाली आणि नाटकातलं वाक्य तिने खणखणीत फेकलं, "सूर्य साक्षीला आहे, सरकार! मी शरण जाणार नाही!"

एकही 'स' घसरला नाही. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

स्पर्धेत तर नाट्यगृह दणाणलं. अभिनयाचं पहिलं पारितोषिक प्रेमालाच मिळालं. मेकअपच्या खोलीत जो तो अभिनंदन करत होता. गर्दीतून वाट काढत जया आली, तशी प्रेमा तिच्या गळ्यातच पडली.

"थांबा, थांबा," जया हसत म्हणाली, "आधी हिरडी दाखवा!"

आणि प्रेमाने सगळ्यांदेखत, दिव्याखाली, ऐटीत आ वासला.