चित्रांमागच्या भिंती

चित्र क्रमांक नऊ. शीर्षक नाही. साहित्य: प्लायवूड, भिंतीचे खड्डे बुजवायची लांबी, रंग, मौन. ‘मौन’ गॅलरीच्या बाईंनी घातलं. मी काढलं नाही.

दिवा भिंतीला तिरका धरायचा. समोरून धरला तर सगळ्याच भिंती सपाट दिसतात.

सातवीत मी वर्गात सांगितलं होतं, आमचे बाबा कंत्राटदार आहेत. बाबा घरं रंगवायचे.

पांढरा रंग नखांतून निघायला चार दिवस लागतात. कॉलरवरचा निघतच नाही.

उद्घाटन साडेपाचला. दादा पाचलाच हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरवर पांढरा ठिपका. वहिनी रस्त्यावरच थांबली. आतला गारवा सोसत नाही म्हणाली.

बाबांच्या मागे त्यांचा धंदा दादानेच चालवला. गॅलरीच्या भिंतीही त्यानेच परवा पुऱ्या केल्या. काम मीच मिळवून दिलं. बाईंना म्हणालो होतो, ओळखीचा एक माणूस आहे.

“त्या पेपरात लिहिणाऱ्यांशी ओळख करून देशील ना?” दादाने विचारलं. “तुझी वहिनी चिडवते मला. म्हणते, तो कसला तुम्हाला भाऊ म्हणून पुढे करतोय! आज तिचं तोंड बंद करायचंय.”

“देतो रे.”

समीक्षक आले. आठ चित्रांवरून सरळ पुढे गेले आणि नऊसमोर थबकले. बारा वर्षं मी त्या थबकण्याची वाट पाहत होतो.

“हा पोत कुठून येतो?”

“आतून,” मी म्हणालो.

“आतून कसला डोंबलाचा!” मागून दादा. “लांबी ओली असताना रंग मारला की असाच फाटतो. गिऱ्हाइकाच्या घरी करून बघा, दारात उभं नाही करणार.”

दोघं-तिघं हसले. समीक्षकही हसले. “हे कोण?”

दादाने तळहात पँटला पुसला. चेहरा आधीच खुलला होता.

“गॅलरीचं रंगकाम यांनी केलंय,” मी म्हणालो. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

“अच्छा. छान झालंय हं,” समीक्षक भिंतीकडे बघत म्हणाले आणि पुन्हा नऊकडे वळले.

दादाचा हात अर्ध्यावरच होता. त्याने तो हळूच खिशात घातला.

“दोन हात मारलेत साहेब,” तो त्यांच्या पाठीला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “येतो. तुमचं चालू द्या.”

मला, तुमचं.

काचेतून रस्ता दिसत होता. वहिनीने काहीतरी विचारलं. दादाने तिचा हात धरून जोरजोरात हलवून दाखवला: असा मिळवला त्यांनी हात, अस्सा! ती खळखळून हसली. मग मला पाहून तिने हात उंचावला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मीही हात उंचावला.

आत समीक्षक विचारत होते, “हं, तर आतून म्हणजे नेमकं कुठून?”

मी बोलत राहिलो. चांगला बोललो. रविवारी सगळं छापून आलं.

बाबा गेले त्या वर्षी कलाशाळेच्या प्रवेशयादीत आमच्या घरातली दोन नावं होती: दादाचं तिसरं, माझं एकविसावं.