दाराबाहेर थांबलेला तिसरा भाग

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. खरं सांगायचं तर अर्धीमुर्धीच, कारण मी फक्त तिसरा भाग आहे. माणसांचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणाऱ्या एका व्हॅम्पायरची ही गोष्ट चार भागांत आहे. इंग्रजीतून मराठीत येऊन २००९ साली मी गोंदियाच्या एका वाचनालयात दाखल झाले. पहिले दोन भाग माझ्या आधीच आले होते. चौथा कधी आलाच नाही.

आता माझी पंचाईत बघा. माझ्यातल्या त्या व्हॅम्पायरला, अल्बानला, एक नियम आहे. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. माझ्या शेवटच्या ओळीत तो नायिकेच्या दाराशी उभा आहे आणि आतून पावलं ऐकू येत आहेत. तिथेच मी संपते. दार कोणी उघडलं? काय म्हटलं? स्वतःच्याच गोष्टीचा शेवट मला ठाऊक नव्हता, आणि त्याची हुरहुर मला सतत लागलेली असे.

जवळच्या बिरसी गावची रंजिता कॉलेजात होती. तिने मला सात वेळा घरी नेलं. ती पेन्सिल घेऊनच वाचायची आणि समासात आपली मतं लिहायची. त्या नियमाशेजारी तिने लिहिलं होतं, 'हा आमच्या गावी आला असता तर एका भागातच गोष्ट आटपली असती. आमची माय दारात दिसेल त्याला ये, बस म्हणते.' मला हसूच आलं. माझ्याशी असं कोणी बोलतं, हे मला नवीन होतं.

पण ग्रंथपाल टिकाराम दर वेळी खोडरबर घेऊन बसायचे.

"पुस्तकात काऊन लिवतेस वो पोरी?"

"नाई लिवलं तं डोक्यात घुमत राह्यते जी, काका."

पुढे या गोष्टीवर सिनेमा निघाला. हिंदीत डब झालेली त्याची सीडी पाहून रंजिता तणतणतच वाचनालयात आली.

"काका, तिसरा अन् चवथा भाग एकातच गुंडाळला जी! दोनशे वर्सं नियम पाळला त्यानं, अन् सिनेमात काच फोडून घरात घुसते! वरून गानं बी!"

"मंग शेवटी काय होते?" टिकारामांनी विचारलं.

मी कान टवकारले.

"तो शेवट मी नाई सांगत. तो खोटा आहे."

असा राग आला मला तिचा!

२०१२ साली रंजिताला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जाण्याआधी तिने मला शेवटचं परत केलं, तेव्हा माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिने पेन्सिलीने स्वतःचा शेवट लिहिला होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात वाचनालयाची तपासणी होती. आत कोणी लिहिलेलं असेल ती पुस्तकं बाद होऊन रद्दीत जायची. शेवट खोडला तर मी वाचणार, पण अर्धवटच राहणार. नाही खोडला तर रद्दी. मला फार भीती वाटली.

टिकारामांनी समासातलं एकेक मत खोडलं. मग ते शेवटच्या पानाशी आले. ओठ हलवत त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. खोडरबर खिशात ठेवला. परतीच्या तारखांची एक नवी चिठ्ठी घेऊन तिच्या फक्त वरच्या कडेला डिंक लावला आणि ती त्या मजकुरावर चिकटवली. तपासनिसांनी माझी पानं चाळली, चिठ्ठी पाहिली आणि मला बाजूला ठेवलं. मी वाचले!

मित्रांनो, पुस्तकाचे कान मुडपू नका, त्यावर चहाचा कप ठेवू नका. पुस्तकात लिहूही नका, असं मीही सांगते; फक्त जरा हळू आवाजात. हल्ली मला कोणी नेत नाही. त्या अल्बानसारखंच माझं आहे, कोणी नेल्याशिवाय मलाही कोणाचा उंबरठा ओलांडता येत नाही. तुम्ही मला नेलंत, तर शेवटी ती चिठ्ठी जरा उचलून पाहा. खाली रंजिताच्या अक्षरात लिहिलं आहे:

'दार नायिकेच्या म्हाताऱ्या मायनं उघडलं. म्हणाली, काऊन उभा आहेस बापा? ये, बस. दोनशे वर्षांत त्याला बस असं कोणी म्हटलंच नव्हतं. तो बसला, आणि त्याची भूकच गेली.'